पुढच्या पत्र्यावरचे किडे

लातूर जिल्हा होऊन दोन वर्षं झाली, तेव्हा कुठं गुरुपादप्पांच्या स्कूटरचा नंबर लागला. सात वर्षं वाट बघितली होती. गंजगोलाईत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. आभाळी रंगाची ती गाडी दारात आली, तसं त्यांनी तिला विभूती लावली, नारळ फोडला आणि बजावलं, गाडीला कुणी हात लावायचा न्हाई.

घरात दुसरं होतंच कोण? बायको, रुद्राणी. ती नव्या कलेक्टर कचेरीत टायपिस्ट होती. रोज उन्हातून अर्धा तास चालत जायची.

"मला बी शिकवा की," ती एकदा म्हणाली.

"पाडशील. रंग जाईल," गुरुपादप्पा म्हणाले आणि विषय संपला.

त्या सालीही पावसानं दगा दिला होता. श्रावण सरला तरी गल्लीत तीन दिवसांआड टँकर येत होता. अशात एका शनिवारी गुरुपादप्पा नांदेडला बहिणीकडं जाऊन आले. येताना अहमदपूर सुटलं आणि अंधारून आलं. एका विहिरीच्या पाण्यावर जगलेल्या उसाजवळ दिव्यावर किड्यांचा थवाच तुटून पडला. ते डोळे बारीक करून, तोंड मिटून गाडी हाकत राहिले. घरी आले, जेवले आणि झोपले.

रविवारी दुपारी बघतात तो काय, पुढचा सगळा पत्रा पिवळ्या-काळ्या ठिपक्यांनी भरलेला. सकाळपासूनच्या उन्हानं ते वाळून पक्के चिकटले होते. ओल्या बोटानं निघेनात, नखानं निघेनात. मग गुरुपादप्पांनी काथ्या घेतला, त्यावर राख घेतली आणि दुकानातली पितळी घागर घासावी तसे घासायला लागले.

किडे निघाले. पण राख पुसली तेव्हा तळहाताएवढ्या जागेची चमक गेली होती, आणि तिथं बारीक ओरखड्यांचं जाळं उठलं होतं. ते तिथंच पायरीवर बसले.

रुद्राणी बाहेर आली. तिनं पत्रा बघितला, नवऱ्याचं तोंड बघितलं. हसू आलं होतं, ते तिनं दाबलं.

"गाडी आधी सावलीत घ्या," ती म्हणाली.

"आता काय उरलंय?"

"बाकीचा सगळा पत्रा उरलाय. करपलेलं पातेलं आपण लगेच घासतो का? भिजू देतो की न्हाई?"

तिनं जुन्या धोतराचा मऊ तुकडा तांब्याभर पाण्यात बुडवला आणि ओलाच पत्र्यावर पसरला. वाळायला लागला की वरून चार थेंब शिंपडायची. अर्ध्या तासानं फडकं उचललं, तर बरेच किडे फडक्यालाच चिकटून आले. जे चार-दोन हट्टी राहिले, त्यांच्यावर तिनं करडईच्या तेलाचं बोट फिरवलं, थोडं थांबली आणि अलगद पुसून घेतलं. खाली रंग होता तसाच होता.

गुरुपादप्पांनी ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मीच नासवली गाडी."

"नासली कुठं? चालायची ती चालंलच की."

"हाव," ते म्हणाले. मग तिच्याकडं बघून म्हणाले, "तुला शिकायची होती ना?"

"रंग जाईल म्हणत होता."

"आता गेलाच की. चल."

गावाबाहेरचं तळं दोन वर्षांपासून कोरडं होतं. मोकळं, सपाट, धडकायला झाडसुद्धा नाही. तिथं रोज संध्याकाळी गुरुपादप्पा मागून गाडी धरून पळायचे. "क्लच हळू सोड, अगं हळू!" रुद्राणी दोनदा पडली. दुसऱ्यांदा आरसा फुटला. तिनं घाबरून वर बघितलं, तर ते तिचाच कोपर चाचपत होते.

पंधराव्या दिवशी ती बांधावर चढली आणि थांबायचं सोडून सरळ सडकेला लागली. गुरुपादप्पांनी दोन हाका मारल्या. पदर खोचलेली तिची पाठ वळणाआड गेली. ते बांधावर बसले, टोपी काढून घाम पुसला. ती परत येईपर्यंत त्यांनी तीन वेळा उठून सडकेकडं बघितलं.

"कुठवर गेलतीस?"

"कचेरीपर्यंत," रुद्राणी म्हणाली. "बसा मागं."