खर्जाची जागा

सिस्टर देओदाता कोमट तेलात हात बुडवून बसली होती. सारखी बोटं बाहेर काढून मूठ वळून बघत होती. करंगळी वळत नव्हती, तिच्या शेजारची तर वळायचं नावच घेत नव्हती.

“तेल संपेल सिस्टर, हात आहे तसाच राहील,” चुलीजवळून पेलेग्रिना म्हणाली. मठातली ही कामाची सिस्टर. आवाज असा जाड, की दाराआडून भाजीवाला तिला काका म्हणायचा.

“तू कांदे चीर.”

देओदाता उठली, दारापर्यंत गेली, परत आली. बायकांच्या मठात खर्जात गाणार कोण? म्हणून गाण्यातली खर्जाची ओळ व्हिओलोनेवर वाजायची, ते माणसाएवढं, गजाने वाजणारं वाद्य. ते वाजवते म्हणूनच गवंड्याच्या या मुलीला मठात येताना द्यावा लागणारा हुंडा न घेता ठेवून घेतलं होतं. आणि काल मदरने सांगितलं होतं, आजचा सण निभावला नाहीस तर वाद्य मोदेना गावाहून येणाऱ्या नव्या मुलीकडे जाईल. देओदाताला धड बसवत नव्हतं.

“पेलेग्रिना, माझी ओळ येते तुला?”

“इतकी वर्षं भांडी घासताना ऐकतेय. भिंतीलासुद्धा पाठ झाली असेल.”

“मग वाद्याआड बस. माझं बोट अडलं की हळूच गुणगुण.”

“आम्ही कामाच्या सिस्टरांनी गायचं नसतं. मदर सोलून काढतील मला.”

“गा कुठं म्हटलं? गुणगुण म्हटलं.”

तिसऱ्या स्तोत्रात बोट अडलं. पेलेग्रिना गुणगुणली नाही, गायली. पोटातून, मोकळ्या गळ्याने, थेट आमेनपर्यंत. मठातल्या बायकांना लोकांच्या नजरेआड ठेवणाऱ्या जाळीपलीकडे चर्चमधली डोकी वर झाली. देओदाता तारेला न लावता गज नुसता फिरवत राहिली.

उपासना संपताच बिशपांचे कारभारी जाळीशी आले.

“मदर, आत पुरुष कोण आहे?”

मदरच्या तोंडचं पाणी पळालं. देओदाताने वाद्य ओढत जाळीपुढे आणलं, त्याच्या आडून पेलेग्रिनाही सरकत आली.

“हाच, मोन्सिन्योर.”

“वाद्य आमेन म्हणतं?”

“जुनं आहे. ऐकून ऐकून शिकलंय.”

त्यांनी तिच्या सुजलेल्या बोटांकडे बघितलं, मग वाद्यामागून डोकावणाऱ्या पिठाच्या एप्रनकडे.

“जुनंच ठेवा,” ते म्हणाले आणि निघून गेले.

मोदेनाला नकार गेला. संध्याकाळी पेलेग्रिना चुलीपुढे कांदे घेऊन बसली.

“म्हणजे आता मी वाद्य?” तिने विचारलं. “जन्मभर आडोशाला?”

देओदाताने पेलेग्रिनाच्या हातातली सुरी काढून घेतली.

“धुरातून ऊठ. घसा बसेल,” ती म्हणाली आणि कांदे चिरायला बसली. करंगळी इथेही वळत नव्हती.