भर उन्हाळ्यात हीटर

मित्रांनो, मी सांगणार आहे त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. मी एक जुनी गाडी आहे, आणि एकदा उकळत्या पोटाने मी अख्खा चढ चढून गेले आहे. माझ्या वाफेवर चौकातल्या पोलिसाने अंगातल्या शर्टाला इस्त्री करून घेतली होती. हसताय काय? पुढे ऐका.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या रेडिएटरमध्ये हिरवेगार कूलंट होते. इंजिनाची उष्णता वाहून न्यायची आणि आतल्या लोखंडाला गंज चढू द्यायचा नाही, हे त्याचे काम. पण आमचे मालक! पातळी उतरली की नळाखालची बादली उचलायचे. "पाणी ते पाणी," म्हणायचे. वर्षानुवर्षे हेच. माझ्या पोटात गंजाचा चहा झाला, तरी ह्यांचे आपले पाणी ते पाणी!

शेवटी मी भर चौकात उकळले. शेजारी बसलेल्या मालकीणबाईंनी निकालच देऊन टाकला. "उद्या लेकीला बाळासकट दवाखान्यातून घरी आणायचंय. त्या तान्ह्या जिवाला ह्या बंबात बसवू? आज हिचं पोट साफ करा. नाहीतर उद्या टॅक्सी, आणि ही भंगारात."

माझी चारही चाके जागच्या जागी थिजली.

मालकांनी अंगणात बस्तान मांडले. इंजिन थंड होईपर्यंत थांबले, एवढी अक्कल होती म्हणायची. मग खाली घमेले सरकवून रेडिएटरच्या तळाची तोटी सोडली. तपकिरी पाणी भदाभदा बाहेर पडले. आता आतून स्वच्छ धुवायचे आणि नवे कूलंट भरायचे. सरळ काम. पण मालक घरात गेले आणि गाळणी घेऊन आले.

"अहो! ती चहाची गाळणी आहे!"

"अगं, गंज तेवढा वर राहील. खालचं चांगलंय की. परत घालतो."

"परत घालायचं होतं तर काढलं कशाला? आणि ते घमेलं झाका आधी. उरलंसुरलं कूलंट असतं त्यात, विषारी असतं ते. मांजर चाटून गेलं म्हणजे?"

गाळणी गेली कचऱ्यात, मालक गेले बाजारात. येताच त्यांनी मला धुतले, नवे कूलंट ओतले, झाकण घट्ट लावले, इंजिन सुरू केले. आणि तापमानाचा काटा सरसर वर! आत हवा अडकली होती, दुसरे काय! गुळुक गुळुक करून मी घसा फोडत होते, पण ऐकतील ते मालक कसले!

"आतली हवा निघायला दुकानदारानं हीटर लावायला सांगितलंय, असं तुम्हीच आत्ता म्हणालात ना?" मालकीणबाईंनी विचारले.

"एवढ्या उकाड्यात हीटर? लोक वेड्यात काढतील मला!"

"काढू देत. सवय आहे त्यांना."

मला पुन्हा थंड होऊ दिले. मग झाकण उघडून इंजिन सुरू केले आणि मालकीणबाईंनी स्वतः आत बसून हीटरची कळ टोकापर्यंत फिरवली. बुडबुडे वर आले, पातळी खाली गेली, मालक ओतत राहिले. बाई घामाने निथळत होत्या. माझा काटा मात्र मधोमध शांत बसला होता.

मित्रांनो, हात जोडता येत असते तर जोडून सांगितले असते: जुन्या गाडीला जे लागते ते वेळेवर द्या. उकळून ओरडायची वेळ आणू नका!

दुसऱ्या दिवशी बाळाला मीच आणले. काय थाट सांगू! चढावर मी इतकी गार होते की काचेवर बर्फ साचला. रुग्णवाहिकेने बाजूला होऊन मला वाट दिली. आणि बाळाने डोळे उघडले, काट्याकडे बोट केले आणि खणखणीत आवाजात म्हटले, "आजोबा, अगदी मधोमध आहे हं!"

"खोटं!" मागच्या सीटवर बसून ऐकणारी मालकांची नात ओरडली. "ते बाळ मीच होते. आणि आजी म्हणते, घर येईपर्यंत मी ढाराढूर झोपले होते!"