मुसळाचे उपयोग

सत्याऐंशी साली हेमंतला कॉम्प्युटरला शहाणपण शिकवायचं होतं, आणि त्यासाठी तो नागपूरच्या कॉलेजातून थेट पांढुर्ण्याला, यमुनामावशीच्या चुलीपुढे येऊन बसला. शाळेची पाच वर्षं तो याच चुलीपुढे जेवला होता. मावशीला त्याचं कौतुक किती!

"मशीनले वस्तूचं नाव मालूम असते मावशी, पण तिचं काय काय करता येते, ते नाही समजत. तू सांग, मी लिवतो."

मावशीला बोलायला निमित्तच हवं होतं. सुपानं पाखडता येतं, विस्तव फुलवता येतो, तान्ह्याला त्यात निजवता येतं. फाटक्या लुगड्याची गोधडी होते, झोळी होते, डोक्यावरची चुंबळ होते.

"अन् मुसळ?"

मावशीनं दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाली, "कांडाले. अन् तुये मावसाजी पिऊन आले, का आतल्या खोलीच्या दाराले आडवं लावाले. त्यायले वाटते, दार फुगलं हाये. हे लिवू नको बाबू. तुयावर भरोसा हाये म्हणून सांगून राहिली."

हेमंतनं पेन खाली ठेवलं. "नाही लिवत. तुई आन."

दिवाळीनंतर त्याच्या कामाला बक्षीस मिळालं आणि सौंसरच्या एका शाळेत सत्कार झाला. मावशी नवं लुगडं नेसून, मावसाजी शालिकराम टोपी घालून पहिल्या रांगेत. कडेला भोकं असलेला कॉम्प्युटरचा लांबलचक कागद उलगडून हेमंत वाचू लागला. सूप झालं, लुगडं झालं.

"मुसळ. कांडायला. आणि नवरा पिऊन आला की आतून दार अडवायला! हे कुठल्या पुस्तकात नाही. ही आमच्या मावशीची अक्कल!"

त्यानं बोट दाखवलं. लोक पोट धरधरून हसले. पोटच्यासारखं वाढवलेल्या पोरानं केसानं गळा कापला होता, आणि वर टाळ्या पडत होत्या. फक्त शालिकराम हसला नाही.

परतीच्या बसमध्ये तो मावशीला सोडून पुढच्या बाकावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी पाणी घेऊन आली, तेव्हा मुसळाचे तीन तुकडे चुलीपाशी पडले होते.

आठवड्यानं हेमंत पेढे घेऊन आला. "लोकं किती खूश झाले मावशी!"

डोळ्याखालचा काळानिळा डाग तिनं झाकला नाही. पेढ्यांना हातही लावला नाही.

"पेन काढ," ती म्हणाली. "मुसळाचा एक उपयोग लिवाचा रायला. जाळाले होते. अन् त्याच्याखाली लिव, दाराले लावाले आता काई नाही."