चाकरांचा जिना

आमची उज्वला आणि तिची मैत्रीण लुंबिनी, दोघी लोह्याच्याच, पण ओळख झाली ती इंग्लंडात, नोकरीच्या गावी. आता एका घरात राहतात. गेल्या मे महिन्यात दोघींनी आपापल्या आयांना बोलावून घेतलं, म्हणून मी आणि लुंबिनीची आई पंचशीलाबाई एकाच विमानानं गेलो. त्या नांदेडला मुख्याध्यापिका होत्या, इंग्रजी फाडफाड बोलतात. मी सातवी शिकलेली, पण बोलण्यात कुणाला हार जात नाही.

पोरींनी किल्ले दाखवले. पहिला बघून मी म्हटलं, यापेक्षा आपलं कंधार काय वाईट? दुसऱ्यात नुसते पाय दुखले. तिसऱ्या दिवशी मात्र एका लॉर्डाचं घर बघितलं आणि खुर्च्याच मोजत राहिले. जेवायच्या टेबलाला चाळीस खुर्च्या आणि भिंतींना चक्क रेशमी कापड.

तिथल्या गाईडबाईनं भिंतीचाच एक तुकडा ढकलला. दारच होतं ते, भिंतीच्याच कापडानं मढवलेलं. आत अंधारा, अरुंद जिना. पंचशीलाबाई मला मराठीत सांगू लागल्या. कोळसा, पाणी, रात्रीची लघवी-संडासाची भांडी, सगळं नोकर इथून न्यायचे. मालक वाटेत भेटलाच, तर भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं.

माझं डोकं सणकलं. "काय मानसं म्हनावीत का कोन? राबायला पायजेत, पर दिसायला नकोत."

गाईडबाईनं विचारलं, या काय म्हणतात? पंचशीलाबाईंनी तेही इंग्रजीत सांगितलं. गाईडबाई हसली. पंचशीलाबाई हसल्या नाहीत.

पोरी चहा आणायला गेल्या तेव्हा आम्ही दोघी बागेतल्या बाकावर बसलो. त्या म्हणाल्या, "सिंधुताई, तुमच्या घरामागं एक बोळ होता. हाय का अजून?"

"हाय की. तुमी कवा बघितला?"

"तुमच्या लग्नात. माझी माय उष्ट्या पत्रावळ्या उचलायला होती, मी तिच्यासंगं. तुमी नव्या नवरी, बोळातून न्हाणीकडं चालल्या होत्या. मायनं भिंतीकडं तोंड केलं, माझं बी वळवलं. तुमाला शिवू नये म्हनून."

आवाजात राग नव्हता. हजेरी घ्यावी तसं सांगितलं. मला मात्र त्यातलं काहीच आठवेना, आणि न आठवण्याचीच जास्त लाज वाटली. चहा आला, तो मी तसाच ठेवला. पोरी विचारत होत्या, काय झालं. मी म्हटलं, पाय दुखतात.

परत आल्यावर आठ दिवसांत मी पंचशीलाबाईंना जेवायला बोलावलं. ठरवलंच होतं, पुढच्या दारातून आणायचं, शेजारी बसवायचं आणि त्या दिवसाची माफी मागायची. पुरणाच्या पोळ्या केल्या, दोन ताटं मांडली. त्या आल्या, सोफ्यावर बसल्या. मी बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात आमचा गोठा झाडणारी सरजाबाई पुढच्या पायरीवर आली.

"मागून ये गं," मी म्हटलं. रोजच्यासारखं, तिच्याकडं न बघता.

सरजाबाई वळली. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. पंचशीलाबाई उठल्या, चपला घातल्या आणि तिच्या मागोमाग गेल्या. मी घरातून पळत मागच्या दाराशी गेले, कडी काढली. दोघी बोळात उभ्या होत्या.

"आमी दोघी जेवायला आलोत, ताई," पंचशीलाबाई म्हणाल्या.

"या," मी कसंबसं म्हटलं. शरमेनं मान वर होत नव्हती. तिसरं ताट घ्यायला फडताळाकडं वळले. ताट काढलं आणि दोघींकडं फिरले, तेव्हा कळलं की सवयीनं माझा हात खालच्या कप्प्यात गेला होता. सरजाबाईची वेगळी ठेवलेली ताटली मी धरून उभी होते. सरजाबाईनं ती घ्यायला हात पुढं केला. पंचशीलाबाई माझ्याकडं बघत होत्या.