सत्र क्रमांक तीनमधली सहा मिनिटं

नीरजने पेपर झकास वाचला. माझ्याकडे त्याचं प्रमाणपत्र आहे: "यांनी राष्ट्रीय परिषदेत स्वतः उपस्थित राहून शोधनिबंध सादर केला." सही आहे, गोल शिक्का आहे, सोनेरी किनार आहे. आता हे काही झालंच नाही असं समजा. सकाळी नऊपासून सुरू करू.

सकाळी नऊला नीरजला जाऊन तीन महिने झाले होते. ऑक्टोबरात डेंगू झाला आणि पाच दिवसांत संपलं. पेपर स्वीकारल्याचा ईमेल बरोबर तेरवीच्या दिवशी आला. अभिनंदन, आणि खाली ठळक अक्षरात, लेखकाने जातीने हजर राहणे बंधनकारक आहे.

परिषद आमच्याच कॉलेजात होती. विषय, अभियांत्रिकी शिक्षणात संगणक. मृत लेखकाला हजर धरावं की गैरहजर, यावर समितीने चाळीस मिनिटं चर्चा केली. शेवटी ठरलं की पेपर मी वाचायचा, कारण मी त्याचा रूम पार्टनर. दहाऐवजी सहा मिनिटं मिळतील, कारण प्रश्नोत्तरांना लेखक नाही.

हे सगळं त्याच्या वडिलांसाठी. पुंडलिकराव सेलूजवळ वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतात. तेरवीला मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "स्वप्निल, मले एकच आयकाचं हाये. चार वर्सं तो त्या मशीनपुढं बसून करत काय होता? मी विचारलं का म्हणे, बाबा, तुमाले नाई समजत."

"काकाजी, परिषदेत सगळ्यांसमोर वाचीन. तुम्ही या."

त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. पेपरात ते स्वतःच होते. संगणकाला एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावणं, म्हणजे लूप, हे खेड्यातून आलेल्या पोरांच्या डोक्यात शिरत नाही. नीरजने ते वांग्याच्या वाडीवरून शिकवलं होतं. एक सरी भरली की पावड्याने पाणी दुसरीत वळवायचं, सऱ्या संपल्या की थांबायचं. बासष्ट पोरांवर त्याने हे करून पाह्यलं, आणि बासष्टही पास. शेवटची ओळ होती: "ही पद्धत मी माझे वडील पुंडलिकराव यांच्याकडून शिकलो. ती संगणकाची आहे हे त्यांना अजून माहीत नाही."

ही ओळ माइकवरून वाचताना त्यांच्याकडे बघायचं, एवढंच माझं नियोजन होतं.

ते नऊलाच आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, पिशवीत मास्तर लोकांसाठी वांगी. नीट ऐकू यावं म्हणून मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि कोणी उठवू नये म्हणून छातीवर पाहुण्यांचा फुलाचा बिल्ला लावला. माझी अक्कल इथं संपली. पुढं जे झालं ते बिल्ल्याने केलं.

उद्घाटनाला प्रोजेक्टर लागेना. हॉलमध्ये संगणकाचे चाळीस प्राध्यापक होते. सगळ्यांनी आळीपाळीने लॅपटॉप बंद-चालू केला. वीस मिनिटांनी लॅबचे डोमाजी आले आणि भिंतीवरचं बटन दाबून गेले. मग सत्कार. वेळ मोजायला घंटी आणि घड्याळ माझ्याकडे होतं, म्हणून सांगतो. शाल, नारळ, रोपटं, फोटो, फोटोत कोणाचे डोळे मिटले म्हणून परत फोटो: माणशी सहा मिनिटं.

बारा चोपन्नला सूत्रसंचालन करणाऱ्या सरिता मॅडम माझ्याजवळ आल्या. "एक वाजता जेवण. पेपर एकच होईल. नीरजचाच घे."

मी कागद काढले. तेवढ्यात गोपालने, म्हणजे आमच्या मंच व्यवस्थापकाने, यादी पाहिली. ज्येष्ठ शिक्षणप्रेमी वासुदेवराव यांचा सत्कार राहिला होता आणि ते आलेच नव्हते. गोपालने हॉलभर नजर फिरवली. त्याला बिल्ला दिसला, टोपी दिसली.

"चला आजोबा, वर चला."

"मी नाई हो बाबू. मी त आयकाले आलो!"

"किती ही विनम्रता!" माइकवर मॅडम म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मी धावत मंचापाशी गेलो आणि गोपालला म्हणालो, "अबे, ते नीरजचे बाबा होत!"

"मग त चांगलंच हाये ना," गोपाल म्हणाला.

शाल आली. पुंडलिकराव मंचावर उभे राहून माझ्याकडे बघत होते, डोळ्यांनी विचारत होते, आता वाचतो का? नारळ, रोपटं, फोटो. त्यांचे डोळे मिटले, म्हणून परत फोटो. मी घड्याळाकडे पाह्यलं. सहा मिनिटं पूर्ण झाली होती. एक वाजला म्हणून मीच घंटी वाजवली. सवयीने.

"वेळेअभावी सत्र तीनमधले पेपर वाचले असे गृहीत धरण्यात येत आहे," मॅडम म्हणाल्या. खुर्च्या सरकल्या. मी माइकपर्यंत पोचलो तेव्हा साउंडवाला वायर गुंडाळून राह्यला होता.

दुपारी गेटसमोर एसटीची वाट बघताना मी त्यांना सगळं सांगितलं. वाडी, सरी, पावडं, शेवटची ओळ. ते इंग्रजी कागद उलटेसुलटे करत राहिले.

"माहं नाव कुठंसं हाये?"

मी बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला केलं आणि तिथं स्वतःचं ठेवलं. बराच वेळ.

"लोकायपुढं वाचलं असतं त..." एवढंच म्हणाले. मग घडीही न मोडलेली ती शाल माझ्या हातात दिली. "हे वापस कर. माहं नाई हे. कोणाचं तरी घेऊन आलो मी."

एसटी आली. पिशवीतली वांगी काढून त्यांनी तिथं कागद घातले आणि चढले. वांगी गेटवरच राहिली.

प्रति,
मा. संयोजक, राष्ट्रीय परिषद

विषय: सहा मिनिटे परत मिळणेबाबत

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, दुपारी १२.५४ ते १.०० या वेळेत झालेला सत्कार चुकीच्या इसमाचा असून सदर इसमाने शाल परत केली आहे. सबब, त्या शालीपोटी वापरलेली सहा मिनिटे त्याच हॉलमध्ये, त्याच श्रोत्यांसह, पेपरच्या मूळ लेखकास परत देण्यात यावीत, ही नम्र विनंती.

सोबत: शाल, एक नग.