फुंकलेलं पाणी

लसीच्या पहिल्या थेंबांच्या दिवशी घेतलेल्या तौसिफच्या शीच्या नमुन्यात तीन विषाणू सापडले. तिन्ही आतड्यात राहणारे. ज्याच्यासाठी थेंब दिले, तो जुलाबांचा रोटाविषाणू त्यांत नव्हता. ताप नाही, ओकारी नाही. मोर्शेदाचं पोर खुदूखुदू हसत होतं.

लसीच्या अभ्यासासाठी घरोघर पाहणी करणाऱ्या नीलुफा आपाने हे मोर्शेदाला मीरपूरच्या वस्तीत, दारात उभं राहून सांगितलं. आतड्यात आधीच असे पाहुणे बसलेले असले, की लसीतल्या दुबळ्या विषाणूला कधीकधी रुजायला जागा मिळत नाही. सगळ्याच बाळांचं तसं होत नाही. आता दोन्ही डोस झालेत, रक्त तपासलं की कळेल. प्रतिपिंडं वीस एककं किंवा जास्त भरली तर लस लागली.

मोर्शेदाने तौसिफला उचलून घेतलं. तिची थोरली मुलगी जुलाबांनीच गेली होती, मधोमध भोक पाडलेल्या इस्पितळाच्या खाटेवर, खाली बादली.

शेजारची कोहिनूर भाबी हसली. "हत्तीचं पिल्लू आहे तुझं पोर. सुतकी तोंड कशाला करतेस?"

मोर्शेदा हसली नाही. तौसिफ जन्मल्यापासून ती मशिदीतल्या हुजुरांकडून, म्हणजे मौलवींकडून, दुवा फुंकलेलं पाणी आणून रोज चमचाभर त्याला पाजत होती. बाटली तळाला गेली, की उरलेल्या पाण्यात नळाचं पाणी घालून ती पुन्हा भरायची. सगळ्याच बाया तसं करतात. ते पाणी कुणी उकळत नाही. उकळलं तर फुंकर उडून जाते. थेंबांच्या दिवशी तर तिने दोन चमचे पाजले होते, थेंब अंगी लागावेत म्हणून.

"आपा, हे विषाणू पाण्यातून जातात का पोटात?"

"पाण्यातून जातात, हातांतून जातात. नळाचा पाइप गटारातून येतो, तुला ठाऊक नाही का?"

मग मोर्शेदाने बाटलीचं सांगितलं, खालच्या आवाजात. भाबीच्याही घरात तशीच बाटली होती.

आपा म्हणाली, "त्याच पाण्यातून आले असं मी म्हणणार नाही. इथल्या बहुतेक पोरांच्या पोटात ते असतात."

मोर्शेदाला त्याने धीर आला नाही. रक्त घेतलं त्या दिवसापासून ती प्रत्येक ओला लंगोट उजेडात नेऊन बघू लागली. पलीकडच्या गल्लीत दोन पोरांना जुलाब सुरू झाल्याचं कळलं, तेव्हा तिने तौसिफला खाली ठेवणंच सोडलं.

पुढच्या आठवड्यात आपा निकाल घेऊन आली. तौसिफ, वय अठरा आठवडे. प्रतिपिंडं सहा एककं.