तीन नंबरच्या खिडकीतला शेरा

चाळणीने कीबोर्ड पुढे ओढला आणि स्वतःच्याच नावाने भरलेल्या रक्ततपासणीच्या अर्जात, ‘शेरा’ लिहायच्या चौकटीत, एक ओळ टाइप केली. ‘पाठवा’ दाबलं. शेजारच्या पडद्यावर प्रयोगशाळेचं पान उघडंच होतं. तिचा रक्तगट जन्मापासून बी. तो डोळ्यांदेखत ओ झाला.

खुर्चीमागे उभे असलेले साहेब पुढे वाकले. रुग्णालयाच्या संगणक विभागाचे ते प्रमुख. हे घरबसल्या कुणालाही जमेल का, असं त्यांनी विचारलं. गेल्या महिन्यात आपण अर्ज वेबसाइटवर टाकला, तेव्हापासून कुणालाही, असं तिने सांगून टाकलं. गोड बोलून सांगण्याची तिला सवय नव्हती. प्रोग्राममधले दोष शोधायचं काम तिचं. ऑफिसात तिला चाळणी म्हणत, ते तिच्या हातून खडा म्हणून सुटत नसे म्हणूनच. घरी सासूबाईंचीही तीच तक्रार होती, की हिच्यासमोर साधी थाप मारायची सोय नाही.

दोष तसा साधा होता. अर्जातली माहिती प्रयोगशाळेला एक्सएमएलच्या पत्रातून जाते. त्यात प्रत्येक गोष्टीच्या आधी आणि नंतर टोकदार कंसात तिचं लेबल असतं: इथे शेरा सुरू झाला, इथे संपला. हे पत्र एक जुना प्रोग्राम तुकड्याला तुकडा चिकटवून तयार करायचा आणि चौकटीत आलेलं जसंच्या तसं आत ढकलायचा. मग एखाद्याने चौकटीतच ‘शेरा संपला’ची खूण लिहिली, की पुढचं सगळं प्रयोगशाळेचा संगणक हुकूम समजून निमूट पाळायचा. तो प्रोग्राम साहेबांनीच लिहिला होता, साधे प्रोग्रामर होते तेव्हा. ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तो विषय काढत नसे.

“याआधी कुणी केलंय का असं?” साहेबांनी विचारलं.

चाळणीने जुन्या नोंदी उघडल्या आणि तिलाच धक्का बसला. पंधरा वर्षं, शेकडो वेळा, एकच ओळ:

</शेरा><तातडी>हो</तातडी><शेरा>

म्हणजे शेरा संपला, हा नमुना तातडीचा, रांगेत पुढे घ्या. सगळ्या ओळी तळमजल्यावरच्या, तपासणीचे अर्ज भरून घेणाऱ्या तीन नंबरच्या खिडकीतून आलेल्या. लिहिणारा कच्चा नव्हता. शेवटी शेरा पुन्हा उघडला नाही तर पत्र मोडतं, हेही त्याला माहीत होतं.

साहेबांचा चेहरा लाल झाला. आपल्या घरात पंधरा वर्षं कुणी मागच्या दाराने ये-जा करत होतं, हे त्यांना फार लागलं. तीन नंबरला बसणाऱ्या ताईंना तासाभरात नोटीस गेली: उद्यापासून निलंबन, चौकशी होईपर्यंत. ताईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. पाच वाजेपर्यंत लेखी अहवाल द्या, दोषी कोण ते स्पष्ट लिहा, असं चाळणीला बजावून साहेब आपल्या खोलीत गेले.

तिने आधी भोक बुजवलं. पत्र चिकटवायचं बंद करून ते बांधायचं काम एका खात्रीच्या तयार साधनाकडे दिलं. आता चौकटीत कुणी काहीही लिहो, टोकदार कंससुद्धा, ते साधं अक्षर म्हणूनच जाणार. प्रयोगशाळेच्या बाजूलाही एक राखणदार बसवला: पत्र ठरलेल्या नमुन्याशी जुळवायचं, एक शेरा, एक रक्तगट, यापेक्षा काही जास्त दिसलं तर अख्खं पत्र परत. मग तिने आपला रक्तगट पूर्ववत बी केला आणि तो पुन्हा ओ करायचा प्रयत्न केला. सव्वीस वेगवेगळ्या तऱ्हांनी केला. बी तो बीच राहिला. तिला मनापासून बरं वाटलं.

आता दोषी. ती खाली गेली.

ताईंच्या खिडकीपुढे माणसंच माणसं. नोटीस स्टेपलरखाली घडी करून ठेवलेली आणि ताई मान खाली घालून काम करत होत्या. चाळणी आत जाऊन शेजारच्या स्टुलावर बसली आणि सरळ विषयाला आली. ताईंनी काही नाकारलं नाही. टेबलावरची काच किंचित उचलून त्यांनी एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढली. तीच ओळ, पेनाने लिहिलेली. पंधरा वर्षांपूर्वी एका बाळंतिणीचं रक्त तपासणीच्या रांगेत पडून होतं, ताईंनी घाबरून वर संगणक विभागात फोन केला, एक जण जिना उतरून धावत आला आणि हे लिहून देऊन गेला. अर्जात तातडीची सोय करतो, तोवर हे वापरा, म्हणाला.

“मग केली नाही सोय?”

“त्याला बढती मिळाली,” ताई म्हणाल्या.

अक्षर चाळणीने केव्हाच ओळखलं होतं. आपल्या रजेच्या अर्जावर, मंजुरीच्या शेऱ्यात, ते ती दर महिन्याला बघत होती.

“ताई, हे सकाळीच का नाही दाखवलंत? नोकरीचा प्रश्न आहे तुमच्या.”

“बाळंतीण घरी गेली, बाळाला घेऊन. त्या माणसाचं नाव मी कशाला घेऊ?” ताईंनी पुढचा अर्ज ओढला. “तुम्ही ते बंद केलंत म्हणे. बरं केलंत. पण आता तातडीचं कसं पाठवायचं, तेवढं सांगा.”

भोक चाळणीने झकास बुजवलं होतं, पण माणसं त्यातून का जात होती हे विचारलंच नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला. निदान आजचं तरी अडू नये म्हणून तातडीचे नमुने फोन करून पाठवायला सांगून ती चिठ्ठी घेऊन वर गेली. चार वाजेपर्यंत अर्जात ‘तातडी’ची वेगळी चौकट आली. ती फक्त खिडकीवरूनच भरता येणार, आणि कुणी भरली, कधी भरली, याची नोंद राहणार. चार वेळा तपासून तिने ती सुरू केली.

पाचला पाच मिनिटं असताना तिने साहेबांच्या टेबलावर अहवाल ठेवला. दोषीचा रकाना कोरा होता. त्यावर चिठ्ठी होती.

“हे काय? नाव कुठंय?”

“तुम्हीच भरा, साहेब. मला खात्री आहे, पण लिहिणाऱ्याने भरलेलं बरं.”

साहेबांनी चष्मा लावला. चिठ्ठी वाचली, मग पुन्हा वाचली.

“तिने माझं नाव सांगितलं?”

“नाही.”

त्यांनी पेन काढलं. रकाना भरला. मग एक कोरा कागद घेऊन नोटीस मागे घेतल्याचं स्वतःच्या हाताने लिहिलं, खाली सही केली. चाळणी शिपायाला हाक मारायला वळली, तेवढ्यात ते उठलेच आणि जिना उतरायला लागले. ती मागोमाग गेली.

खिडकीशी वाकून साहेबांनी कागद आत सरकवायला हात पुढे केला. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांकडे.

“नंबर घ्या, साहेब,” त्या म्हणाल्या. “सगळे थांबलेत.”

साहेब मागे झाले. नंबर काढला, एकोणचाळीस, आणि कागद गुडघ्यावर धरून बाकावर बसले. खिडकीवर तिसावा चालू होता.